विकणाऱ्या बायका कुठे बसतात

"पोहे झाले असतील तर निघायचं का?" मी तिसऱ्यांदा विचारलं.

निनाद नुसता हसला. हा आमचा टूर मॅनेजर. जेमतेम सत्तावीस वर्षांचा पोरगा, दर वाक्याला मावशी मावशी करायचा आणि मावशीचं एक काम धड करायचा नाही. "पाचच मिनिटं मावशी. कर्णिक काकांचं कानाचं मशीन वर खोलीत राहिलंय."

"लिलाव साडेपाचाला सुरू होतो. आता सव्वासहा झाले."

"अहो, बाजार काय पळून जातोय?"

"बाजार नाय पळत रे पोरा, मासळी पळते!"

बसमध्ये चार-पाच जण हसले. मला हसायचं नव्हतं. जपानला येऊन आठ दिवस झाले होते. या आठ दिवसांत मी सतरा देवळं बघितली, ढगामागे लपलेला एक डोंगर बघितला, पायमोजे घालून-काढून वैतागले, आणि सगळं मुकाट्याने सोसलं ते या एका सकाळसाठी. सहलीच्या कागदावर स्पष्ट छापलेलं होतं, 'टोकियो : पहाटे घाऊक मासळी बाजाराला भेट'. तो कागद मी इतक्या वेळा उघडला होता की घडीवर फाटला होता.

पण आदल्या संध्याकाळी निनादने जेवताना सगळ्यांना विचारलं, "उद्या चारला उठून मासळी बाजार, की आरामात उठून नाश्ता करून मासळी बाजार? हात वर करा." पस्तीस जणांत पहाटेसाठी दोन हात वर झाले. एक माझा, दुसरा खांबेटे बाईंचा.

या खांबेटे बाई माझ्या खोलीत होत्या. एकट्या येणाऱ्या बायकांना कंपनी दोघी-दोघी करून खोली देते, त्यात आमची गाठ पडली. डोंबिवलीच्या शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या. अंडंसुद्धा खायच्या नाहीत. पहिल्या रात्री त्यांनी विचारलं होतं, "तुम्ही काय करता?"

"मासळी विकते."

त्यांनी चष्मा काढून ठेवला. मग म्हणाल्या, "घोरता का?"

"नाय."

"मग झालं," म्हणाल्या आणि दिवा मालवला. तेव्हापासून आमचं जमलं.

मी द्वारका चोगले. आमच्या तरीवरच्या, होड्या लागतात तिथल्या बाजारात मासळी विकते. तेव्हा पस्तीस वर्षं झाली होती, आता बेचाळीस. आमच्याकडे बाजारातली जागा सासूकडून सुनेकडे येते. माझ्या सासूची जागा अगदी दारातली, पहिली. गिऱ्हाईक आत शिरलं की आधी माझ्या पाटीत बघायचं. त्या वेळी आमच्या मच्छी विक्रेत्या महिला संस्थेची मी अध्यक्ष होते. बासष्ट बायका.

त्या वर्षी बाजार पाडून नवीन बांधायचं निघालं. बिल्डरचा माणूस, शिंगरे त्याचं नाव, संस्थेत आला आणि भिंतीवर एक मोठं चित्र लावून दाखवलं. चकाचक फरशी, काचा, वरून दिवे. खाली गाळे आणि वर दुसऱ्या मजल्यावर आम्ही. चित्राच्या शेजारी टोकियोच्या बाजाराचा फोटो होता. "असाच तुमचा बाजार होणार," शिंगरे म्हणाला. "वास नाही, माशी नाही, चिखल नाही."

सगळ्या बायका बघत राहिल्या. मग आमची वेसूआय उठली. ती आमच्यात सगळ्यांत थोरली, ऐंशीच्या पुढची. चित्राला नाक लावून तिने खालपासून वरपर्यंत बघितलं. "चित्र झकास हाय," ती म्हणाली. "पन यात विकनाऱ्या बायका कुठं बसतात?"

शिंगरे म्हणाला, "आजी, जपानमध्ये असंच असतं."

"आरं पन बसतात कुठं?"

त्याने चित्रावर बोट फिरवलं आणि मागे घेतलं. शेवटी असं ठरलं की संमतीच्या कागदावर अध्यक्षाची सही लागते, तर अध्यक्षाने बघून, विचार करून काय ते ठरवावं. द्वारका हो म्हणाली तर हो, नाही म्हणाली तर नाही. थोड्या दिवसांनी मी जाहीर केलं की मी जपानच्या सहलीला चाललेय, डोळ्यांनीच बघून येते. वेसूआयने माझ्या हनुवटीला हात लावला. "जा बाय. नीट बघ, बायका कुठं बसतात." संमतीचा कागद माझ्या पर्समध्ये होता. खाली सहीपुरती रेघ मोकळी होती. परतीच्या दिवशी शिंगरे विमानतळावरच येणार होता.

हे सगळं मी खांबेटे बाईंना सांगितलं होतं. त्यांनी विचारलं, "मग सहलीचा खर्च संस्थेने केला?"

"नाय. माझा मी केला. साठवलेले होते."

"कमाल आहे तुमची," त्या म्हणाल्या.

तर बस निघाली पावणेसातला. वाटेत कर्णिक काकांचं मशीन त्यांच्याच खिशात सापडलं. माझं डोकं असं तापलं की खिडकीच्या काचेला टेकवून बसले. बाजारात पोचायला साडेसात वाजले. वाटलं होतं, बसमधून उतरल्याबरोबर खाऱ्या पाण्याचा वास येईल, आरडाओरडा ऐकू येईल, बर्फाच्या गाड्या दिसतील. उतरलो ते एका इस्पितळासारख्या इमारतीपुढे. सरकता जिना, लांबच लांब बोळ, भिंतीवर बाण. आमची जपानी गाईड आयाको हातात छोटा झेंडा घेऊन पुढे, मागे आमची वरात.

बोळाच्या एका बाजूला काच होती. काचेखाली, एक मजला खोल, मोठं दालन. मी धावत जाऊन काचेला नाक लावलं.

फरशी ओली होती. एक माणूस लांब दांड्याच्या खराट्याने पाणी ढकलत होता. बस्स. एक मासा नाही, एक माणूस नाही, एक टोपली नाही.

"संपला लिलाव," निनाद म्हणाला. "पण मावशी, जागा तर बघितली ना?"

"जागा? ओली फरशी बघायला मी समुद्रापलीकडं आले? आमच्या न्हाणीघरात नाय का ओली फरशी?"

"चिडू नका ना. फोटो काढतो तुमचा."

"मरू दे तुझा फोटो!"

बाकीचे मात्र खूश होते. काचेला पाठ लावून एकेकाचे फोटो चालले होते. कर्णिक काकू नाकाला लावायला रुमाल काढून आल्या होत्या, तो त्यांनी परत पर्समध्ये ठेवला. "किती स्वच्छ हो! वासाचं नाव नाही. आपल्याकडच्या लोकांनी शिकायला हवं," असं म्हणून त्यांनी माझ्याकडे बघितलं. आपल्याकडचे लोक म्हणजे मीच. तोंड उघडलं असतं तर सहलीची शोभा झाली असती.

मी आयाकोला गाठलं. ती इंग्रजी बोलायची, म्हणून खांबेटे बाईंना मध्ये घातलं. "विचारा तिला, विकणाऱ्या बायका कुठे बसतात?"

खांबेटे बाईंनी विचारलं. आयाकोला प्रश्नच कळेना. दोनदा, तीनदा विचारलं. मग ती म्हणाली की आत दुकानांच्या ओळी आहेत, पण तिथे परवान्याशिवाय जाता येत नाही.

"नुसतं दारातून बघते म्हणावं."

"नाही म्हणते."

"पाच मिनिटं. हात जोडते म्हणावं."

आयाकोनेच मला वाकून नमस्कार केला आणि नाही म्हणाली. इतक्या गोड नकारावर भांडायचं तरी कसं? तेवढ्यात निनादने शिट्टी वाजवली. "वीस मिनिटं! मग बस! पुढे बागेत जायचंय!"

मी तिथून चालती झाले. खांबेटे बाई आणि आयाको माझ्या मागे. बोळ, जिना, पुन्हा बोळ, आणि एका कोपऱ्यातून बाहेर उघड्यावर आलो. तिथे कॅनमधली कॉफी देणारं यंत्र होतं आणि शेजारी बाकावर एक म्हातारी बसली होती. पायात गुडघ्यापर्यंत रबरी बूट, पुढे रबरी एप्रन, डोक्याला फडकं. हातात कॉफी. पायाशी थर्माकोलचं उघडं खोकं, त्यात बर्फाचं पाणी आणि चार मासे.

आठ दिवसांत पहिल्यांदा माझ्या ओळखीचं माणूस दिसलं होतं. मासे बांगड्यासारखे, पण लांबट आणि पाठीला निळे. मी खाली बसले आणि अंगठा घालून एकाचा कल्ला उचलला. आत लाल आहे का बघायला. आमच्यात बाई मासळीजवळ गेली की आधी हेच करते. आपण काय करतोय हे कळायच्या आधी अंगठा आत गेलेला असतो.

फाट्दिशी माझ्या हातावर चापट बसली.

म्हातारी उभी राहून माझ्यावर ओरडत होती. आयाको धावत आली, वाकून वाकून माफी मागायला लागली. मागून निनाद आला. "मावशी! अहो, हात काय लावता? इथे दंड करतील मला!"

मीही काही कमी नव्हते. "मासळीला हात नाय लावायचा तर काय नमस्कार करायचा? हिला सांग, मी काय चोरत नव्हते, ताजा हाय का बघत होते! पस्तीस वर्षं बघतेय!"

आयाकोने काय सांगितलं कोण जाणे. म्हातारी थांबली. तिने माझ्याकडे बघितलं, मग माझ्या हाताकडे. मग माझं मनगट धरलं आणि हात सरळ त्या बर्फाच्या पाण्यात बुडवला. मी ओढायला गेले, तिने सोडला नाही. पाणी एवढं गार की हाडं ठणकली. ती तोंडातल्या तोंडात काहीतरी मोजत होती. मग हात वर काढला, आपल्या गालाला लावून बघितला, मान हलवली आणि काहीतरी बोलत माशाकडे बोट दाखवलं. आता लाव.

"त्या म्हणतात," खांबेटे बाई हळूच म्हणाल्या, "ऊन हाताने मासा भाजतो. आधी हात माशाएवढा गार करायचा."

मी कल्ला उचलला. रक्तासारखा लाल. पस्तीस वर्षांत हे मला कोणी सांगितलं नव्हतं आणि सुचलंही नव्हतं. माझ्या ऊन हातांनी मी किती मासळी भाजली असेल! म्हातारी हसली. तिचे पुढचे दोन दात नव्हते. मीही हसले आणि तिच्या शेजारी बाकावर बसले.

"आता विचारा," मी खांबेटे बाईंना म्हटलं. "हिला विचारा, ती कुठे बसते."

प्रश्न मराठीतून इंग्रजीत गेला, इंग्रजीतून जपानीत, आणि उत्तर त्याच वाटेने परत आलं. "आत यांच्या कुटुंबाचं दुकान आहे. मासा पुरुष विकतात. या कोपऱ्यात एका लाकडी खोक्यात बसतात आणि बिलाच्या चिठ्ठ्या घेतात. एक माणूस कसाबसा मावेल एवढं खोकं. चाळीस वर्षं तिथेच बसतात."

"आणि घरच्या बायका मासळी घ्यायला येतात, त्यांना कोण देतं?"

हे ऐकून म्हातारी आणि आयाको एकमेकींकडे बघायला लागल्या. "घरच्या बायका इथे येत नाहीत," खांबेटे बाई म्हणाल्या. "हा घाऊक बाजार आहे. हॉटेलवाले येतात, दुकानदार येतात. घरच्या बायका आपापल्या गल्लीतल्या दुकानात घेतात. या म्हणतात, चाळीस वर्षांत मी एकाही घरच्या बाईला मासा विकलेला नाही. आणि त्या विचारतायत, तुम्ही विकता का?"

"रोज," मी म्हटलं.

म्हातारीने ते ऐकलं आणि काहीतरी बोलली. आयाकोने ते इंग्रजीत सांगितलं तेव्हा खांबेटे बाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाल्या, "त्यांना तुमचा हेवा वाटतो म्हणाल्या."

घाऊक हा शब्द मी सहलीच्या कागदावर किती वेळा वाचला होता. घाऊक मला का कळत नाही? पहाटे धक्क्यावर जाऊन मी घाऊकच उचलते. पण धक्क्यावरून पुढे मासळी आमच्या पाटीत येते आणि आम्ही विकायला बसतो. मला वाटलं, जगात कुठलाही मासळी बाजार असला तरी त्याच्या शेवटी कुठेतरी बायका बसलेल्या असणारच. शिंगरेने आम्हाला धक्क्याचा फोटो दाखवून बाजार विकला होता. त्या फोटोत आमची जागा सापडेना, कारण ती नव्हतीच.

"चला, बरं झालं," खांबेटे बाई म्हणाल्या. त्यांना फार आनंद झाला होता. "आता ताठ मानेने सांगा सगळ्यांना. स्वतःच्या पैशाने आलात, स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंत. तुमच्या शब्दाला कोण नाही म्हणेल?"

मी हात एप्रनला पुसायला गेले. मी एप्रन घातलेलाच नव्हता. साडीला पुसला.

सहलीचे पैसे माझे नव्हते. तिकीट, हॉटेल, खरेदीला पाकिटात घालून दिलेले वरखर्चाचे, सगळं शिंगरेने केलं होतं. शिवाय नवीन बाजारात जिन्याजवळचा पहिला ओटा माझ्या नावे. "सगळ्यांच्या जागा चिठ्ठ्या टाकून ठरणार बाय, पण तुमची आधीच ठरलेली," असं तो म्हणाला होता आणि मी गप्प बसले होते. स्वतःची समजूत घातली होती की जाऊन बघून येते, बघण्यात काय पाप आहे? आठ दिवस मी निनादवर चिडले, कर्णिकांवर चिडले, देवळांवर चिडले. खरी चीड कोणावर होती ते त्या बाकावर बसल्यावर मला कळलं. खांबेटे बाई माझ्याकडे कौतुकाने बघत होत्या आणि मला ते बघवेना. तरी मी त्यांना काही सांगितलं नाही. शिट्टी वाजली आणि आम्ही बसमध्ये जाऊन बसलो.

मुंबईला विमानतळावर शिंगरे गुच्छ घेऊन उभा होता.

"कसा वाटला बाजार?"

"चांगला हाय. पन तो आमचा नाय." मी कागद काढून त्याच्या हातात दिला. रेघ तशीच मोकळी.

त्याचा चेहरा उतरला. मग जवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, "बाय, तिकीट कोणी काढलं ते विसरलात? मी बायकांना सांगितलं तर?"

"तुमी कशाला त्रास घेता? मीच सांगते."

दुसऱ्या दिवशी दुपारी बाजार उठल्यावर संस्थेत सगळ्या जमल्या. मी आधी बाजाराचं सांगितलं. ती काच, ती ओली फरशी, लाकडी खोक्यातली म्हातारी. सही केली नाही म्हटल्यावर टाळ्या पडल्या. कोणीतरी ओरडलं, "वाघीन हाय आमची द्वारका!" तिथेच थांबले असते तर चाललं असतं. शिंगरेवर कोणी विश्वास ठेवला नसता. पण पुढच्या रांगेत वेसूआय बसली होती, हनुवटीवर हात ठेवून.

मी सांगितलं. तिकिटाचं, ओट्याचं, सगळं.

टाळ्या वाजवणारे हात मांडीवर आले. पंखा तेवढा कुरकुरत होता. वेसूआयने हनुवटीवरचा हात काढला. म्हणाली, "द्वारके, तुझी जागा दारातली ना गो?"

"व्हय. सासूची."

"तुझी सासू माझी मैतरीन व्हती." तिने पदर सावरला. "उद्यापास्नं तू शेवटाला बस. गटाराकडं. पारूची सून बसते तिथं, ती दारात येईल."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, पण मी हो म्हटलं. अध्यक्षपदही काढून घेतलं, त्याचं मला काही वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी सासूचा पाट उचलून साठ बायकांच्या पुढून मागे जाताना मात्र एकीच्याही तोंडाकडे बघवलं नाही.

सात वर्षं झाली. नवीन बाजार अजून झालेला नाही. वर फाटकी ताडपत्री आहे, गळतं. अर्ध्या बायका म्हणतात द्वारकेमुळे जागा वाचली, अर्ध्या म्हणतात द्वारकेमुळे नवं छप्पर गेलं. पाऊस आला की एकाच बाईच्या तोंडून मी दोन्ही ऐकते. वेसूआय गेली. जाताना तिने मला परत पुढे बस असं काही सांगितलं नाही. मी गटाराकडेच बसते. पाटीजवळ बर्फाच्या पाण्याचं एक टोप ठेवते. कोणी ऊन हाताने कल्ला उचलायला आलं की चापट मारते आणि आधी टोपात हात घालायला लावते. बायका मला जपानी म्हणतात.

गेल्या महिन्यात एका सकाळी बाजारात गडबड झाली. दारात एक म्हातारी बाई नाकाला रुमाल लावून, साडी वर धरून उभी होती आणि विचारत होती, "द्वारकाबाई चोगले इथेच दारात बसतात ना?" पारूच्या सुनेने मागे हात दाखवला. पाण्यातून, खवल्यांतून पाय उचलत खांबेटे बाई माझ्यापर्यंत आल्या.

"अहो, तुम्ही तर पहिल्या जागेवर बसता म्हणाला होतात!"

"बसायचे." मी हातातला सुरा खाली ठेवला. "बाई, तुमाला एक सांगायचं राहिलंय. ते पैसे माझे नव्हते. बिल्डरचे व्हते. मी खोटं बोलले तुमच्याशी."

त्या माझ्याकडे बघत उभ्या राहिल्या. शेजारच्या गटारातून पाणी वाहत होतं. मला वाटलं, आता या वळतील आणि तशाच रुमाल धरून परत जातील. जाव्यात असंही वाटलं.

त्यांनी रुमाल नाकावरून काढला, घडी करून पर्समध्ये ठेवला.

"मी कुठे बसू?" त्या म्हणाल्या.

मी उठले आणि सासूचा पाट त्यांच्याकडे सरकवला.